इंदूरच्या घरात मराठीतून नाताळ: आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून ६ जानेवारीपर्यंत

आमच्या घरी २४ डिसेंबरच्या रात्री लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घरातल्या सर्वांत लहान वाचणाऱ्याने वाचायचा, असा आजोबांपासूनचा पायंडा आहे. तीन वर्षांपूर्वी पाळी माझ्या भाच्याची होती. नऊ वर्षांचा मुलगा, शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी. मेंढपाळांपर्यंत नीट आला आणि ‘ऊर्ध्वलोकी’ या शब्दापाशी अडला. माझ्या आईनं त्या अक्षरांखाली बोट ठेवलं. “ऊर्ध्व. लोकी. म्हणजे वर, आभाळात.” त्यानं तीनदा तुकडे करून म्हटलं, चौथ्यांदा ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’ एका दमात म्हटलं, आणि मान वर करून विचारलं, “आजी, अपनी मराठी इतनी कठिन क्यों है?”

मराठी कठीण नव्हती. वर्षातून एकदाच त्याच्या वाट्याला येत होती.

इंदुरातल्या मराठी ख्रिस्ती घरांची ही अडचण आहे. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ मध्ये इथे आले, १८८७ मध्ये क्रिश्चियन कॉलेज सुरू झालं आणि चर्चमधल्या उपासनेची भाषा मुख्यतः हिंदी झाली, पुढे जोडीला इंग्रजी. आमचे आजोबा नगरहून इथे नोकरीला आले. त्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आणि आम्ही राहतो ते अहिल्याबाईंच्या होळकरांचं इंदूर, म्हणजे नात्याचा धागा तसा जुनाच. पण चर्चच्या दारात आम्ही ‘जय मसीह की’ म्हणतो. ‘ख्रिस्त’, ‘येशू’, ‘तारणारा’, ‘कृपा’ हे शब्द घरात उच्चारले नाहीत, तर मुलांना ते दुसरीकडे ऐकायला मिळणार नाहीत. त्या रात्रीनंतर आम्ही घरच्या उपासनेची घडी नव्यानं बसवली. ती कशी बसवली ते सांगते. तुम्ही कॅथलिक असा, सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) असा किंवा आणखी कुठल्या मंडळीचे, थोडा फेरफार करून हे तुमच्याही घरात बसेल.

आधी कॅलेंडर

नाताळची तयारी २० डिसेंबरला सुरू केली तर फक्त खरेदी होते. सुरुवात आगमनकाळापासून करा. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मोजत मागे जायचं. पहिला रविवार दरवर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे, मग ६, १३ आणि २० डिसेंबर. हे चारही दिवस आत्ताच कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करा आणि त्या संध्याकाळी कुणाचं लग्नाचं आमंत्रण आलं तर काय करायचं तेही ठरवून ठेवा. मार्गशीर्षातले मुहूर्त नेमके याच दिवसांत येतात, आणि इंदुरात लग्नाला जाणं टाळता येत नाही. आम्ही अशा दिवशी उपासना सकाळी चहाच्या आधी उरकतो. सोडत नाही.

जागा, वेळ, आणि फोन

वेगळी खोली लागत नाही. कोपऱ्यात एक स्टूल, त्यावर पांढरा कपडा, त्यावर पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक, बस. मात्र महिनाभर ते तिथून हलवू नका. जाता-येता मुलांच्या नजरेला पडलं पाहिजे.

वेळ जेवणाच्या आधीची ठेवा, नंतरची नको. पहिल्या वर्षी आम्ही जेवणानंतर बसलो. मी उत्साहात पाच गाणी, दोन अध्याय आणि लांबलचक प्रार्थना ठेवली. तासभर चाललं. धाकटी भाची भिंतीला टेकून झोपली आणि दुसऱ्या दिवशी उपासनेचं नाव काढताच रडायला लागली. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून वीस मिनिटांच्या पुढे जायचं नाही, हा नियम. फोन सगळ्यांचे दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचेही.

वीस मिनिटं कशी घालवायची

सुरुवात गप्प बसण्यापासून. दिवा लावा आणि मिनिटभर कुणीच काही बोलू नका. दिवसभराची धावपळ, बाहेरच्या गाड्यांचे हॉर्न, कुकरची शिट्टी, सगळं कानावर पडू द्या. मग एकानं स्तोत्रसंहितेतलं एक छोटं स्तोत्र वाचायचं. १००, १२१, २३ आणि ८ ही चार पुरतात, दर आठवड्याला एक. रोज तेच वाचलं की शनिवारपर्यंत मुलांना पाठ होतं, पाठांतराला वेगळं बसवावं लागत नाही.

त्यानंतर एक गीत, मग शास्त्रपाठ. १ डिसेंबरपासून रोज लूकचा एक अध्याय घ्या. लूकचे अध्याय बरोबर २४ आहेत, म्हणजे पुनरुत्थानाचा अध्याय नाताळच्या आदल्या सकाळी येतो आणि जन्माची गोष्ट त्याच रात्री परत वाचायची. गव्हाणीतलं बाळ आणि रिकामी कबर एकाच दिवसात. पहिल्यांदा हे जुळून आलं तेव्हा आई बराच वेळ पुस्तक मिटून बसली होती.

अध्याय पूर्ण वाचायचा अट्टहास नको. लूकच्या पहिल्याच अध्यायात ८० वचनं आहेत. त्यातली दहा-पंधरा आदल्या रात्री पेन्सिलीनं खूण करून ठेवा. वाचन एकानं करू नये, फिरतं ठेवा. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला उपासनेला बसण्याआधीच फोनवरच्या ऑडिओ बायबलमधून तो भाग ऐकवा, मग दोनच वचनं वाचायला द्या. अडला तर लगेच शब्द पुरवू नका, त्याला धडपडू द्या. बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतराची मराठी भारदस्त आहे, लहानांसाठी सोप्या मराठीतली प्रत जवळ असावी. पण ‘ऊर्ध्वलोकी’सारखे शब्द जुन्या प्रतीतूनच येऊ द्या. त्या शब्दांना आमच्या आज्यांच्या आवाजाचा वास आहे.

वाचून झालं की प्रवचन नको. एकच प्रश्न विचारा: “आज या गोष्टीत तुला कोण दिसलं?” माझा भाचा एकदा म्हणाला, “ज्यानं जागा नाही म्हणून सांगितलं, तो.” म्हणजे मरीया आणि योसेफाला उतरायला जागा नाकारणारा. मग भाड्याच्या घरांवर आणि कुणाला घर मिळत नाही यावर आमचं दहा मिनिटं बोलणं झालं. नियम मोडला, पण त्या दिवशी मोडणंच बरोबर होतं.

शेवटी प्रार्थना. प्रत्येकानं एक आभार आणि एक मागणं, एका-एका वाक्यात. मुलं हिंदीत म्हणाली तर टोकू नका. प्रार्थनेत व्याकरण सुधारायचं नसतं. प्रभूची प्रार्थना मात्र सगळ्यांनी मिळून मराठीत म्हणायची, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून आमेनपर्यंत. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसानं आशीर्वचन म्हणायचं आणि मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा. तो हात विसरू नका.

चार रविवारांच्या पणत्या

चार मेणबत्त्यांचं चक्र १८३९ मध्ये हॅम्बर्गमध्ये योहान विखर्न या पाळकानं सुरू केलं. त्यांच्याकडे गरीब मुलं राहत आणि ती रोज विचारत, नाताळ आला का? म्हणून त्यांनी एका चाकावर रविवारांच्या चार मोठ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या मेणबत्त्या लावल्या. मुळात ही मुलांसाठीची वस्तू आहे, तेव्हा ती मुलांनाच करू द्या.

आम्ही परदेशी पाइनची नक्कल करत नाही. पितळी परात घ्यायची, तिच्यात ओली वाळू पसरायची आणि कडेनं मोरपंखीच्या डहाळ्या खोचायच्या. मोरपंखी कुठल्याही नर्सरीत मिळते, तिची पानं आठवडाभर टवटवीत राहतात. दिवाळीतल्या उरलेल्या चार पणत्या चार दिशांना आणि मधोमध एक जाड पांढरी मेणबत्ती. ज्यांच्या परंपरेत रंग पाळतात त्यांनी तीन पणत्यांना जांभळा आणि एका पणतीला गुलाबी रंग द्यावा. गुलाबी तिसऱ्या रविवारी लागते, तो आनंदाचा रविवार. पांढरी मेणबत्ती २४च्या रात्रीपर्यंत लावायची नाही, कुणी कितीही हट्ट केला तरी. वाट पाहणं शिकवायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

रविवारी रोजच्या अध्यायाच्या जोडीला आणखी एक वाचन घ्या. पहिल्या रविवारी यशया ९:२-७, अंधारात चालणाऱ्या लोकांनी पाहिलेला प्रकाश. वाचताना घरातले सगळे दिवे बंद ठेवा आणि एका पणतीच्या उजेडात वाचा, अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दुसऱ्या रविवारी मीखा ५:२-५, लहानशा बेथलेहेमाविषयी. तिसऱ्या रविवारी लूक १:२६-३८, गब्रीएल आणि मरीया. चौथ्या रविवारी लूक १:३९-५६, मरीया अलीशिबेच्या घरी जाते तो भाग. हा नेहमी घरातल्या बायकांनी वाचावा असं माझं मत आहे. दोन गरोदर बायका एकमेकींच्या दारात भेटतात आणि त्यांतली एक गाऊ लागते, ते बायकांच्याच आवाजात शोभतं.

परातीशेजारी एक गुल्लक ठेवा. पणती लावणाऱ्यानं त्यात काहीतरी टाकायचं. २४ तारखेला दुपारी ती फोडायची. डिसेंबरच्या शेवटी माळव्यात थंडी चांगलीच बोचते, आणि मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर रुग्णांचे नातेवाईक उघड्यावर झोपलेले असतात. आम्ही घोंगड्या घेतो आणि मुलांना बरोबर नेतो. फोटो काढत नाही.

गाणी: तीनच, पण पक्की

मराठी ख्रिस्ती गीतांचं भांडार मोठं आहे आणि तेच आपलं खरं वतन आहे, असं मी मानते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये जाईपर्यंत शेकडो गीतं लिहिली. अभंग, ओवी ही आपली जुनी वळणं त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी नेली. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण ओवीत छापून आलं होतं. म्हणजे चारशेहून अधिक वर्षं ही गोष्ट मराठीत गायली जाते आहे. मुलांना हे एकदा जरूर सांगा.

पण पुस्तक उघडून दहा गाणी सुरू केली तर एकही येत नाही. तीन निवडा: एक संथ, एक टाळ्यांचं, एक फक्त नाताळच्या रात्रीसाठी. पहिल्या आठवड्यात फक्त ध्रुवपद. दुसऱ्यात पहिलं कडवं. पेटी असेल तर उत्तम, नसेल तर झांजा आणि ढोलकीवर साधा भजनी ठेका पुरतो. पट्टी खालची धरा. मंडळीत गाणाऱ्यांच्या पट्टीत घरच्या आजीचा आवाज चढत नाही, मग ती नुसतीच ओठ हलवते. शब्द छापून वाटू नका, एका वहीत मुलांकडून हातानं लिहून घ्या. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ऱ्ह’ लिहिताना त्यांचा जीव जातो खरा, पण एकदा हातातून गेलेलं अक्षर वाचताना अडत नाही.

तारा आणि गोठा

तारा पहिल्या रविवारी लावा. रानीपुऱ्यात तयार तारे मिळतात, पण बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाचा घरचा तारा एका दुपारी होतो. आत नऊ वॅटचा एलईडीच घाला, जुना पिवळा बल्ब तापून कागद जाळतो.

गोठ्याला थर्माकोल आणू नका. या शहरात रोज सकाळी ओला-सुका कचरा वेगळा देण्याची सवय आपण अंगी लावली आहे, ती सणात का मोडायची? पुठ्ठ्याचं खोकं, वाळलेलं गवत, कुंभाराकडची माती एवढं पुरे. आमच्या गोठ्यातली गाय माळवी बैलासारखी शिंगाळ झाली आहे, मुलांनी तशीच केली. बाळ येशूची जागा २४ तारखेपर्यंत रिकामी ठेवायची. मागी लोक, म्हणजे तारा पाहून बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत. रोज एक-एक टप्पा पुढे सरकवायचे, ते ६ जानेवारीला पोचतात.

फराळ

केक आम्ही घरी भाजत नाही. सुका मेवा सियागंजातून आणायचा, संत्र्याच्या रसात दोन दिवस फ्रिजमध्ये भिजवायचा, घोळ डब्यात भरून ओळखीच्या बेकरीच्या भट्टीवर द्यायचा आणि डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवायची. २० तारखेनंतर भट्टीवर गर्दी होते, त्याआधी जा. करंज्या, शंकरपाळे, चकल्या दिवाळीसारख्याच, त्यांचं वेगळं सांगायला नको.

कलकल मात्र सांगते, काही घरांत कुलकुल म्हणतात. अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १२५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. त्यावर ७५ ग्रॅम कडकडीत तूप घालून हातानं चोळा, मूठ वळली की मोहन पुरेसं. नारळाच्या दुधात घट्ट मळा, साधारण २०० मिली लागतं, पण एकदम ओतू नका. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. मग बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीला तेलाचं बोट लावायचं, गोळी त्यावर अंगठ्यानं दाबत पसरवायची आणि खालून वर गुंडाळत आणायची. रेघा उठलेला छोटा शंख तयार होतो. काटे कमी पडले तर नवा कोरा कंगवा घ्या. आधी एकच तळून पाहा. फुटला तर पीठ सैल आहे, थोडा मैदा मळा. आच मंद ठेवा, साखरेमुळे बाहेरून पटकन लाल होतात आणि आत कच्चे राहतात. हे काम एकटीनं करायचं नाहीच. सगळे ताटाभोवती बसतात, हात चालू असतात आणि गाण्यांचा सराव तिथेच सर्वांत चांगला होतो.

कॅरल पार्टी आणि शेजारपाजार

चर्चची कॅरल पार्टी कोणत्या रात्री आपल्या भागात येणार, ते आधी विचारून ठेवा. ते लोक संध्याकाळपासून आठ-दहा घरं फिरून आलेले असतात. प्रत्येक घरात केक खाल्लेला, घसे कोरडे. त्यांच्यापुढे पुन्हा केक ठेवू नका. गरम गराडू ठेवा, म्हणजे आमच्या माळव्यातला तळून खायचा कंद! दुपारी फोडी करून अर्धवट तळून ठेवायच्या, चिरताना हाताला तेल लावा नाहीतर खाज सुटते. पार्टी दारात गाऊ लागली की कढई चढवायची, वरून जीरावन हा इंदुरी चटपटीत मसाला आणि लिंबू. सोबत आल्याचा चहा. त्यांना एक गीत मराठीत गायची विनंती करा, वही आधीच त्यांच्या हातात द्या. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालत नाही, पण टाळ्या आणि झांजांना स्पीकर लागत नाही.

शेजाऱ्यांकडून दिवाळीचं ताट आलेलं असतं, त्याची परतफेड मनापासून करा. आपल्याकडे जैन शेजारी पुष्कळ. त्यांच्यासाठी कढई आणि तेल वेगळं ठेवा, अंड्याचं काही त्या ताटात नको, आणि ताट सकाळी न्या. सूर्यास्तानंतर अनेक घरांत जेवत नाहीत, संध्याकाळी नेलेलं ताट तसंच झाकून राहतं. कशात काय आहे ते दारातच स्पष्ट सांगा. आमच्या समोरच्या मावशी आता आम्ही सांगायच्या आतच म्हणतात, “कलकल आणले ना?”

२४ची रात्र, २५ची सकाळ

मध्यरात्रीच्या मिस्साला किंवा उपासनेला जाणार असाल तर घरची उपासना साडेआठला करा. दिवे बंद, चारही पणत्या, मग मधली पांढरी. लूक २:१-२०. सर्वांत धाकट्यानं बाळाला गव्हाणीत ठेवायचं. तिसरं गीत, जे महिनाभर राखून ठेवलं होतं, ते आता. त्यानंतर लगेच गरम कपडे आणि निघायचं. लाल चर्च असो की सफेद चर्च, त्या रात्री तिथे शहरभरातून माणसं बघायला येतात, गाडी लांबच लावा आणि अर्धा तास आधी पोचा. बाहेरून आलेल्यांनी काही विचारलं तर थांबून नीट उत्तर द्या, तेही उपासनेचाच भाग आहे.

२५ला सकाळची उपासना, मग घरी रस्सा-वडे. त्या दिवशी वेगळं काही ठरवू नका. माणसं येत राहतात.

नंतरचं

बहुतेक घरांत २६ला सगळं संपतं. तसं करू नका. ३१च्या रात्री मंडळीत जायच्या आधी प्रत्येकानं सरत्या वर्षातल्या एका गोष्टीचे आभार वहीत लिहावेत. ६ जानेवारीला मत्तय २:१-१२ वाचा आणि मागी लोकांना गोठ्यापाशी आणा. त्यापुढे वीस मिनिटं रोज जमली नाहीत तरी रविवार धरून ठेवा. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आणि पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) २८ मार्चला आहे, म्हणजे ६ जानेवारीनंतर उपवासकाळापर्यंत जेमतेम पाच आठवडे मिळतात. उपवासकाळासाठी तेच स्टूल, तीच वही, फक्त गाणी नवी.

भाचा आता बारा वर्षांचा आहे. गेल्या आगमनकाळात धाकट्या बहिणीला वाचन तोच शिकवत होता, अक्षरांखाली बोट ठेवून.

६ जानेवारीला तारा उतरवताना कागद आधी काढा, वायर सैल गुंडाळा, कामट्या जुन्या चादरीत बांधून माळ्यावर ठेवा. त्यात एक चिठ्ठी घाला: दोरी किती लागली, कोणतं गाणं अर्धवट राहिलं, आणि पुढच्या वर्षी पहिली पणती कुणी लावायची.